काकी फोनवर भेटायला गेली

‘कन्सोल’ हा इंग्रजी शब्द मला पहिल्यांदा भेटला तो साबणदाणीच्या रूपात. सातवीत असताना आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत मला हिरव्या प्लास्टिकची एक साबणदाणी मिळाली आणि सोबतच्या प्रमाणपत्रावर छापलं होतं, ‘कन्सोलेशन प्राइज’. आमच्या मराठी शाळेत अशा बक्षिसाला ‘उत्तेजनार्थ’ म्हणत. उत्तेजनार्थ म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा ये, जोर लाव. इंग्रजीतला अर्थ बाबांनी सांगितला: हरलीस, पण वाईट वाटून घेऊ नकोस. मला तो अर्थ मुळीच आवडला नाही. मी साबणदाणी न्हाणीघराच्या खिडकीतून मागच्या गल्लीत भिरकावली. आईने ती मुकाट्याने परत आणली आणि पुढची दहा वर्षं तिच्यात साबण ठेवला. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, तो असा.

पुढे मी इंग्रजीतच एम.ए. करायला घेतलं. हैदराबादेत आमच्या मलकपेठेहून बस धरायची, तारनाक्याला उतरायचं, विद्यापीठाच्या दगडी इमारतीत मोठमोठे शब्द ऐकायचे आणि संध्याकाळी ते घरी आणून सगळ्यांच्या अंगावर टाकायचे, असा माझा दिनक्रम होता. बाबांनी आबिड्सच्या फुटपाथवर, रविवारच्या पुस्तकबाजारातून एक जाडजूड जुना शब्दकोश आणून दिला होता. त्यात प्रत्येक शब्दाचं मूळ दिलेलं असे. शब्दाचं मूळ सापडलं की मला तो शब्द आपल्या मालकीचा झाल्यासारखा वाटे. वय एकवीस होतं, त्यामुळे हे चालून गेलं.

ती नव्वदीची सुरुवातीची वर्षं. मलकपेठेत कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्या पाट्यांचे एसटीडी-आयएसडी बूथ उगवले होते. गल्लीतली मुलं अमीरपेटला कॉम्प्युटरचे कोर्स करत होती आणि कोर्स संपला की अमेरिकेला जात होती. आमच्या शेजारचा दादा त्यातल्या अगदी पहिल्या तुकडीतला.

दादा म्हणजे काकीचा एकुलता एक मुलगा. काकी आमची रक्ताची कुणी नव्हे, पण तिच्या आणि आमच्या घरामध्ये एकच भिंत होती आणि त्या भिंतीला कमरेएवढी खिंड पाडलेली होती, येण्याजाण्यासाठी. त्यांचं मूळचं घर परभणीकडचं, शेतीवाडीचं. दादाच्या जन्माच्या सुमाराला हैदराबादेत आलेलं. काकांचं बेगम बाजारात चिंच-मिरचीचं ठोक दुकान होतं. काकांचं शिक्षण निजामाच्या काळात उर्दूतून झालेलं, मराठी वाचताना ते अडखळत. काकीला तर अक्षरओळखच नव्हती. त्यामुळे दादाची पत्रं वाचून दाखवणं आणि काकी सांगेल ते उत्तर लिहिणं हे काम आपोआप माझ्याकडे आलं होतं.

दादाने तिकडे एका गोऱ्या मुलीशी लग्न केलं, ते पत्रही मीच वाचलं होतं. काकीने ऐकून घेतलं, उठली आणि सुनेसाठी म्हणून घेऊन ठेवलेली जांभळी पैठणी ट्रंकेच्या तळाशी घातली. त्यानंतर दोन वर्षं ती दादाला पत्र लिहवून घेत असे, पण त्यात सुनेचं नाव नसे. तब्येतीला जप, थंडीत कान बांध, एवढंच. मी दर वेळी विचारायची, “आणि वहिनींना काय लिहू?” काकी म्हणायची, “कागद संपला म्हन.” निळा आंतरराष्ट्रीय कागद अर्धा कोरा असायचा. मी तो तसाच डिंकाने चिकटवून टाकायची.

मग एक दिवस दादाचं छोटं पत्र आलं. काकी अंगणात चिंच फोडायला बसली होती, चिंचोके एका बाजूला, गर दुसऱ्या बाजूला. मी वाचलं. वहिनींना आठवा महिना होता, हेच आम्हाला माहीत नव्हतं. दादाने कळवलं नव्हतं, कळवायचं धाडस झालं नसावं. मुलगी झाली होती आणि ती जन्मतःच गेलेली होती. पुढे दादाने लिहिलं होतं: ‘ती कुणाशी बोलत नाही. काही खात नाही. माझ्याशीही नाही. मला काय करावं कळत नाही, आई.’

काकीचा हात थांबला. मी वाट पाहत राहिले की ती रडेल, काही म्हणेल. तिने फक्त चिंचोक्यांच्या ढिगावर सूप पालथं घातलं आणि घरात गेली.

संध्याकाळी ती खिंडीतून आमच्याकडे आली. मी अभ्यास करत होते. माझ्यासमोर बसत तिने विचारलं, “इंग्रजी मानसं भेटायला गेल्यावर काय बोलतात?”

आमच्यात मयताच्या घरी जाण्याला ‘भेटायला जाणं’ म्हणतात. एरवी माणूस कुणाकडेही जातो, येतो, डोकावतो, चक्कर मारतो. पण बाई हळू आवाजात नुसतं “भेटायला जाऊन येते” म्हणाली की ऐकणाऱ्याला कळतं आणि तो कुठे, कशाला विचारत नाही. काकीला कुठे जायचं होतं ते मला कळलं आणि मी मनापासून सुखावले. तिच्या मनातली अढी सुटली म्हणून थोडी, आणि जास्त करून माझं इंग्रजी शेवटी कुणाच्या तरी कामी येणार म्हणून. आज हे लिहिताना लाज वाटते, पण खरं ते खरं.

मी शब्दकोश काढला. “काकी, त्यांच्यात एक क्रियापद आहे. कन्सोल. मूळ लॅटिन. सोलारी म्हणजे शांत करणं, दुःख निववणं. त्याच्याआधी कॉन लागला. कॉन म्हणजे सोबत, किंवा काही लोक म्हणतात, पुरतं, अगदी पूर्ण.”

काकीने शांतपणे ऐकलं. “म्हंजे करतात काय?”

“दुसऱ्याला शांत करतात.”

“ते कळलं. पन कसं?”

“कसं म्हणजे, बोलून.”

“बोलून कोन शांत झालंय, माय?” ती म्हणाली. पण लगेच मान हलवून म्हणाली, “हौ, पन तिकडं तसंच असंल. शिकिव मला.”

मी तिला एक वाक्य करून दिलं: ‘आय हॅव कॉल्ड टु कन्सोल यू.’ ते वाक्य व्याकरणाने बरोबर आहे. पण कुठलाही इंग्रज माणूस ते तोंडाने म्हणत नाही, हे मला पुढे बऱ्याच वर्षांनी, स्वतः शिकवायला लागल्यावर ध्यानात आलं. अमक्याने तमक्याला कन्सोल केलं, असं ते लोक नंतर सांगतात. समोरच्याला ‘मी तुला कन्सोल करते’ असं म्हटलं की सगळं तिथेच फिसकटतं. मराठीतही कुणी ‘मी तुमचं सांत्वन करायला आले’ असं म्हणत नाही. सांत्वन पेपरात होतं, मंत्री करतात. घरात आपण धीर देतो, समजूत काढतो, डोळे पुसतो, जवळ बसतो. हे सगळं मला माहीत होतं, तरी मी काकीला ते वाक्य घोकायला लावलं. तीन दिवस ती चिंच फोडताना, भांडी विसळताना ते पुटपुटत होती. चुकलं की मी खिंडीतून ओरडून दुरुस्त करत होते.

आई एकदा म्हणाली, “अगं, दादालाच पत्र टाक, तो फोन करेल की कोपऱ्यावरच्या दुकानात. काकीला कशाला बूथवर नेतेस?” त्यावर काकीच म्हणाली, “त्यांनी कामून करावा? दुःखाच्या घरानं बोलवायचं नसतं. आपन जायचं असतं.”

चौथ्या दिवशी सकाळी सातला आम्ही निघालो. आपली सकाळ म्हणजे तिथली संध्याकाळ, हा हिशोब मी केला होता. काकी आंघोळ करून, जुनं धुवट लुगडं नेसून आली. कपाळाला कुंकू होतं, पण डोक्यात रोजचं फूल नव्हतं. सकाळपासून तिने पाणीसुद्धा घेतलेलं नाही, हे मला नंतर कळलं. वाटेत फुलवालीने विचारलं, “काँ जारे अम्मा, सबेरे सबेरे?” काकी तिच्याकडे न बघता पुढे गेली. वरच्या अंगाला रेसकोर्सवरचे घोडे फिरवून आणत होते. एरवी काकी थांबून घोडे बघायची, त्या दिवशी थांबली नाही.

बूथचा मालक पन्नाशीचा, पायाने अधू, पांढऱ्या टोपीतला माणूस होता. कुबडी भिंतीला टेकवून तो काउंटरमागे बसे आणि नंबर स्वतःच फिरवून देई. मी कागदावरचा लांबलचक नंबर दिला. त्याने तीनदा फिरवला तेव्हा लागला. मीटरवर लाल आकडे पळायला लागले.

दादाने उचलला. काकी एवढंच म्हणाली, “तिला दे.” तिकडे काही हालचाल झाली असावी. मग काकीने रिसीव्हर दोन्ही हातांत धरला, नीट कानाशी घेतला आणि ती गप्प झाली.

मी वाट पाहिली. मग तिच्या कोपराला हात लावला. मग कुजबुजले, “आय हॅव कॉल्ड.” काहीच नाही. काकी समोरच्या काचेकडे बघत होती, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती एक अक्षर बोलत नव्हती. तिचा डावा हात रिसीव्हरच्या तोंडाकडच्या भागावर हळूहळू आपटत होता, थप, थप, थप. मला वाटलं, घाबरली. वाक्य विसरली. मी पिशवीतून कागद काढला, मोठ्या अक्षरांत वाक्य लिहिलं आणि तिच्या तोंडासमोर धरलं. तिला वाचता येत नाही, हे मी रागाच्या भरात पार विसरले होते.

“काकी, बोल ना!” मी जवळजवळ ओरडलेच.

बूथवाल्याने माझ्याकडे बघितलं. “क्या हुआ बेटा? उधर कोई गुजर गए क्या?”

“बच्ची. इनकी पोती.”

त्याने खांद्यावरचा टॉवेल काढला आणि मीटरच्या पळणाऱ्या आकड्यांवर टाकला. “पुरसा देरे,” तो हळूच म्हणाला. “देने दो. पुरसे में बातां नक्को.” त्याच्याकडेही भेटायला जाण्यासाठी एक शब्द होता, पुरसा, आणि त्यातही बोलणं धरलेलं नव्हतं. पण मला त्या वेळी फक्त त्याचाही राग आला.

किती वेळ गेला सांगता येत नाही, टॉवेलामुळे. शेवटी काकीने डोळे पुसले, रिसीव्हर तोंडाजवळ घेतला आणि मराठीत म्हणाली, “जेव माय. दोन घास खा.” आणि फोन ठेवून दिला.

रस्त्यावर आल्यावर माझा तोल गेला. तीन दिवस घोकलं, एवढा नंबर लावला, आणि एक वाक्य नाही! निदान जाताना बाय तरी म्हणायचं. ती काय समजली असेल? काकी चालत राहिली. घरी आल्यावर ती पुढच्या दाराने आत गेली नाही. वळसा घालून मागच्या परसात गेली, कशाला हात लावला नाही, उभ्याउभ्याच आईला हाक मारली. आईने भिंतीवरून बघितलं, एक शब्द न विचारता बंबातलं पाणी काढलं आणि तिच्या डोक्यावर ओतलं. मयताच्या घरून आलेली बाई तशी घरात येत नाही, आंघोळ करते. आईला कळलं होतं. इंग्रजीची एम.ए.वाली मी मात्र दारात उभी राहून बघत होते आणि मला पहिल्यांदाच शंका आली की काकी खरोखरच कुठेतरी जाऊन आली आहे.

केस पुसत काकी पायरीवर बसली. मी तिच्यासाठी चहा आणला आणि जरा नरमाईने विचारलं, “काकी, वाक्य विसरलीस का?”

“न्हाई विसरले. आठवत होतं की.” तिने ते वाक्य मला सबंध म्हणून दाखवलं, माझ्यापेक्षा बऱ्या उच्चारात. “पन तिचा श्वास ऐकू आला. मग बोलावं वाटलं न्हाई.”

चहाचा घोट घेऊन ती म्हणाली, “दादाच्या आधी मला एक लेक झाली व्हती. गावाकडं. अशीच. डोळे उघडलेच न्हाईत तिनं. इवल्या जीवाला सुतक न्हाई की दहावं न्हाई. त्याच्यामुळं कोनी भेटायला येत न्हाई. सासूबाई म्हनल्या, पोट शाबूत हाय, होतील अजून. तिसऱ्या दिवशी मी शेतावर गेले. कोनी म्हनजे कोनी आलं न्हाई बघ. मी दाराकडं बघायची.” चहाचा कप तिने खाली ठेवला. “म्हनून म्या म्हनलं, हिच्याकडं जावं. कोनीतरी आलं व्हतं, एवढं तरी तिला ऱ्हाईल.”

मी तिच्याजवळ बसून राहिले.

तीन आठवड्यांनी दादाचं पत्र आलं. मी उभ्याउभ्याच फोडलं आणि वाचत गेले, आणि मधे थांबले असते तर बरं झालं असतं. ‘आई, तुला बोलायचं नव्हतं तर फोन का केलास? ती किती आशेने फोनवर आली होती. तू सगळा वेळ गप्प राहिलीस, शेवटी जेव एवढंच म्हणालीस आणि न सांगता फोन आपटलास. त्या रात्री ती थोडं जेवली, मला बरं वाटलं. पण आता रोज विचारते, तुझी आई मला अजून माफ करत नाही का?’

“आपटला? म्या?” काकी म्हणाली.

तिचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. ती रागावली नाही. अंगातलं बळ गेल्यासारखी भिंतीला टेकली आणि म्हणाली, “माझ्या वेळंला कोनी आलं न्हाई. आन मी गेले, तर तिला दार आपटल्यावानी झालं.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. भेटायला गेलेलं माणूस निघताना ‘येते’ म्हणत नाही. लहानपणी आईबरोबर एका घरी गेले होते तेव्हा सवयीने मी म्हणाले होते, “येते हं,” आणि आईने माझा दंड असा दाबला होता की दोन दिवस काळानिळा होता. अशा कामासाठी त्या घरी पुन्हा यायची वेळ येऊ नये, म्हणून ‘येते’ म्हणायचं नाही, निरोप घ्यायचा नाही, कुणी दारापर्यंत पोचवायलाही यायचं नाही. नुसतं उठायचं आणि जायचं. काकी उठली होती आणि गेली होती. फोनमध्ये त्याचा आवाज खट्ट असा होतो, त्याला ती काय करणार? दादाला हे कळायला हवं होतं. पण घरातल्या बायका भेटायला जातात तेव्हा मुलगे मैदानात क्रिकेट खेळत असतात. आणि मला? मला तर सगळं ठाऊक असून मी रस्त्यात तिलाच बोलले होते, निदान बाय तरी म्हणायचं.

त्या रात्रीची माझी झोप उडाली, ते सांगत नाही. सकाळी मी वहिनींना इंग्रजीत पत्र लिहायला बसले. पहिल्या मसुद्यात मी लॅटिनपासून सुरुवात केली. तो फाडला. दुसऱ्यात भारतीय संस्कृती आली. तोही फाडला. तिसऱ्यात मी फक्त काय झालं ते लिहिलं. काकी उपाशीपोटी निघाली, फूल माळलं नाही, घोडे बघायला थांबली नाही. तुमचा श्वास ऐकून तिला बोलावंसं वाटलं नाही. परत आल्यावर तिने डोक्यावरून पाणी घेतलं, कारण ती तुमच्या घरी येऊन गेली होती. आमच्यात अशा वेळी निरोप घेत नाहीत, कारण तुमच्या दारी पुन्हा असं यायची वेळ येऊ नये. तिच्या पहिल्या मुलीचंही लिहिलं. काकीला विचारून लिहिलं. शेवटी माझं लिहिलं, की मी तिला एक वाक्य शिकवलं होतं, ते ती म्हणाली नाही, आणि बरं झालं.

पत्र टाकलं आणि आम्ही दोघी पोस्टमनची वाट बघायला लागलो. काकीने दाखवलं नाही, पण दुपारी दोनच्या सुमाराला तिचं चिंचेचं सूप नेमकं दारात यायचं.

महिन्याने उत्तर आलं, माझ्या नावाने, गोल सुटसुटीत अक्षरातलं. मी एकेक ओळ मराठीत करत वाचलं. वहिनींनी लिहिलं होतं, की दवाखान्यात आणि नंतर घरी येऊन सगळे काही ना काही बोलून गेले. तुम्ही तरुण आहात, देवाची इच्छा, वेळ सगळं भरून काढते. सगळे चांगले लोक होते आणि प्रत्येकजण बोलून झालं की घड्याळ बघत होता. फोनवर पहिल्यांदाच कुणीतरी गप्प बसलं. शेवटचे शब्द त्यांनी नवऱ्याला विचारले, त्याने अर्थ सांगितला आणि त्यांनी पावाचे दोन तुकडे खाल्ले. पुढे एक प्रश्न होता: ‘फोनमध्ये सगळा वेळ एक आवाज येत होता, हळू ठोकल्यासारखा. लाइनमध्ये दोष होता का?’

मी मान वर केली. काकी स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत होती.

“थोपटत व्हते की तिला,” ती म्हणाली.

मग तिने तो हात माझ्या पाठीवर ठेवला आणि दाखवलं, थप, थप, थप. तान्ह्या बाळाला झोपवताना थोपटतात तसं. मी बूथवर त्याला घाबरणं समजले होते.

त्या दिवशीचं उत्तर काकीने लगोलग सांगितलं. ‘चिरंजीव सौभाग्यवती सूनबाईस अनेक आशीर्वाद,’ इथून सुरुवात झाली. दूध पी, डिंकाचे लाडू पाठवते, पायात मोजे घाल, अंघोळीला गार पाणी घेऊ नको, इकडे ये, तुझी जांभळी पैठणी इथे पडून आहे. मी भराभर इंग्रजी करत गेले. मोज्यांपाशीच कागदाची एक बाजू संपली. घडी घालायच्या पट्टीवरसुद्धा लिहिलं. शेवटी मी विचारलं, “आणि दादाला काय लिहू?”

“कागद संपला म्हन,” काकी म्हणाली.

पुढच्या हिवाळ्यात वहिनी आल्या. त्यानंतरही आल्या, दुसऱ्या खेपेला कडेवर मुलगा होता. त्यांची काकीशी काय भाषा चाले ते मला कधीच समजलं नाही. मी दुभाषी म्हणून मधे बसले की दोघी मला चहा करायला पाठवत.

आणखी काही वर्षांनी माझी आई गेली. तोवर मी एका कॉलेजात इंग्रजी शिकवत होते आणि आमच्या घरी फोन बसला होता. माणसं येत होती. माझे सहकारी इंग्रजीत बोलले, नातेवाईक मराठीत बोलले, शेजारी तेलुगूत आणि दखनीत. कुणाचं काही चुकलं नाही. पण माझ्या घशाखाली पाणीही उतरत नव्हतं. काकीने पहिल्या दिवशी पिठलं-भाकरी आणली होती, आमच्यात त्याला कडू घास म्हणतात. तो मी तसाच परत पाठवला होता. तरी काकी रोज ताजी भाकरी करून आणत होती आणि झाकून ठेवत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता फोन वाजला. मी उचलला, हॅलो म्हणाले. पलीकडे कुणी बोललं नाही. राँग नंबर असेल म्हणून मी ठेवणार, तेवढ्यात ऐकू आलं. थप, थप, थप.

मी खाली जमिनीवर बसले. आई गेल्यापासून सगळ्यांना चहा दिला होता, दाखल्याचे कागद भरले होते, बाबांच्या गोळ्या सांभाळल्या होत्या, रडले नव्हते. आता रडले. पलीकडून कुणी गप्प हो म्हणालं नाही, की रड म्हणालं नाही. थोपटणं मात्र थांबलं नाही. मग एक परका, कष्टाने जुळवलेला उच्चार आला, “जेव माय. दोन घास खा.” आणि फोन खट्ट झाला.

काकी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. “कोन व्हतं?”

“वहिनी,” मी म्हणाले. “भेटून गेल्या.”

“जाताना ‘येते’ म्हनली का?”

“नाही.”

काकीने मान हलवली, झाकण काढलं आणि ताट माझ्यापुढे सरकवलं. मी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि खाल्ला, मग दुसरा.